तुटलेला पट्टा

नोव्हेंबर 2008 मध्ये अरबी समुद्राच्या दोन टोकांना, पाच दिवसांच्या अंतराने, दोन मासेमारी ट्रॉलर पळवले गेले. पहिला थायलंडच्या मालकाचा, ‘एकावत नावा 5’. दुसरा पोरबंदरचा, ‘कुबेर’. पहिल्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. दुसऱ्याचं सगळ्यांना पाठ आहे. पण मुंबईवरच्या हल्ल्याची हकिकत सांगताना आपण ती बधवार पार्कच्या किनाऱ्यापासून सुरू करतो. तिथे रबरी होडी लागली, दहा जण आले, आणि मग पुढचं सगळं. त्याआधी समुद्रावर काय घडलं ते एका वाक्यात उरकतं. मला तेच सावकाश सांगायचं आहे. घड्याळ बुधवार, 26 नोव्हेंबरच्या रात्री साडेआठला लावलं आहे. वेळ तिथून उलटी मोजायची.

12 दिवस उरले

शुक्रवार, 14 नोव्हेंबर. ‘कुबेर’ पोरबंदरहून मासेमारीला निघते. बोटीवर पाच जण, एक तांडेल आणि चार खलाशी. तांडेल दीवकडचा, खलाशी नवसारीकडचे आणि सौराष्ट्रातले. सातपाटी असो, वेरावळ असो की पोरबंदर, ट्रॉलरवरचं बिऱ्हाड सारखंच असतं. खाली बर्फाचा साठा, डिझेल, पिण्याच्या पाण्याची पिंपं, पीठ-तांदूळ, आणि मागे गुंडाळलेलं जाळं. एकदा निघालं की दिवसचे दिवस किनारा दिसत नाही.

या बोटींचं एक वैशिष्ट्य इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या मालवाहू जहाजावर आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा सतत प्रसारित करणारं ‘एआयएस’ हे यंत्र 2004 च्या अखेरीपासून सक्तीचं आहे. ट्रॉलरला त्या वेळी अशी सक्ती नव्हती. तो रडारवर दिसला तर एक ठिपका, आणि शेजारी तसेच शेकडो ठिपके. त्यातला एक कोणाचा, त्यावर आज कोण आहे आणि काल कोण होतं, हे बाहेरून कळायची सोय नव्हती. मालकाला परतीची तारीख अंदाजाने माहीत. घरच्यांना तीही नसते.

11 दिवस उरले

15 नोव्हेंबरला मोंबासाच्या आग्नेयेला सुमारे 450 समुद्री मैलांवर सोमाली चाच्यांनी ‘सिरियस स्टार’ हे सौदी तेलवाहू जहाज पकडलं. लांबी 330 मीटर, पोटात 20 लाख पिंपं तेल, वर 25 माणसं. एवढं मोठं जहाज याआधी चाच्यांच्या हाती पडलं नव्हतं. त्याआधी सप्टेंबरमध्ये 33 रणगाडे नेणारं ‘फाइना’ गेलं होतं. त्या वर्षभरात एडनचं आखात आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत 111 हल्ले नोंदले गेले आणि 42 जहाजं पळवली गेली.

दुसऱ्या दिवशी, 16 तारखेला, ‘स्टोल्ट व्हॅलर’ सुटलं. त्यावर 18 भारतीय खलाशी दोन महिने ओलीस होते. त्यांच्या घरच्यांनी दिल्लीत दारं ठोठावली, वाहिन्यांवर येऊन हात जोडले. त्या दबावानंतरच सरकारने ऑक्टोबरच्या अखेरीस ‘आयएनएस तबर’ ही युद्धनौका एडनच्या आखातात पाठवली होती. 11 नोव्हेंबरला तिने मुंबईच्याच कंपनीचं ‘जग अर्णव’ हे जहाज चाच्यांच्या तावडीतून वाचवलं. देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं.

सोमाली चाच्यांच्या छोट्या होड्या किनाऱ्यापासून शेकडो मैल आत पोहोचायच्या कशा? त्यासाठी ते एखादा ट्रॉलर किंवा गलबत धरत. त्यावरच्या माणसांना ओलीस ठेवत, आपलं डिझेल-पाणी-हत्यारं त्यावर चढवत, वेगवान होड्या मागे दोराने बांधत आणि मोठ्या जहाजाची वाट बघत समुद्रात फिरत. सगळे अशा बोटीला ‘मदर शिप’ म्हणू लागले होते. त्या नावात ती मुळात कुणाची बोट होती हे पुसून जातं. सोमालियाजवळ जे चाललं होतं त्याचा धडा आपल्या किनाऱ्यासाठी उघड होता. पळवलेली मासेमारी बोट ही समुद्रातली सगळ्यात स्वस्त वर्दी आहे, ती अंगावर चढवली की कुणी वळून बघत नाही. हा धडा आपण का घेतला नाही, याचं उत्तर मला आजवर पटेल असं मिळालेलं नाही.

192 तास उरले

मंगळवार, 18 नोव्हेंबरची संध्याकाळ. ओमानच्या सलालाहपासून नैर्ऋत्येला 285 समुद्री मैल. ‘तबर’ला एक ट्रॉलर दिसतो. चाच्यांच्या मुख्य नौकेचं जे वर्णन इशाऱ्यांमध्ये आलं होतं त्याच्याशी तो जुळतो. मागे दोन वेगवान होड्या. डेकवर बंदुका आणि रॉकेट लाँचर घेतलेली माणसं. ‘तबर’ थांबायला सांगते. उलट धमकी येते, जवळ आलात तर उडवून देऊ. पुन्हा बजावलं जातं, पुन्हा धमकी, आणि मग तिकडून गोळीबार. ‘तबर’ उत्तर देते. ट्रॉलरला आग लागते, पाठोपाठ स्फोट. बोट बुडते. एक होडी पाठलागानंतर रिकामी सापडते, दुसरी अंधारात निसटते. नौदलाने दुसऱ्या दिवशी सांगितलेली ही हकिकत आहे.

त्या ट्रॉलरवर 16 मच्छीमार होते, 15 थाई आणि एक कंबोडियन. ‘एकावत नावा 5’ ओमानहून येमेनकडे मासेमारीचं सामान घेऊन चालली होती आणि त्याच दिवशी चाच्यांनी तिचा ताबा घेतला होता. हे जगाला कळायला अजून आठवडा आहे.

‘तबर’च्या कप्तानाला मी दोष देत नाही. अंधार पडतोय, समोर रॉकेट लाँचर रोखलेला आहे, आणि त्याच्या मागे आपल्या जहाजावरच्या माणसांचे जीव आहेत. नौदलाने नंतरही हीच भूमिका ठेवली की गोळीबार स्वसंरक्षणार्थ होता. पण त्या बोटीच्या पोटात कुणी मच्छीमार असतील ही शक्यता धरूनच पुढचं पाऊल टाकायचं, अशी काही पद्धत तेव्हा समुद्रावर नव्हती. बोट पळवलेली आहे ही खबर वेगवेगळ्या देशांच्या युद्धनौकांना एकाच वेळी मिळेल, अशी पक्की सोयही नव्हती. त्या फटीत 15 माणसं गेली.

पुढे 2012 च्या फेब्रुवारीत केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या. तेव्हा आपण पेटून उठलो, उठायलाच हवं होतं. थायलंडच्या त्या पंधरा घरांनाही तसंच वाटलं असेल.

108 तास उरले

शनिवार, 22 नोव्हेंबर, सकाळी आठच्या सुमारास. कराचीजवळून एक छोटी होडी निघते. त्यात दहा जण. पुढे ते ‘अल हुसैनी’ या मोठ्या बोटीवर चढतात. हा त्यांचा पहिला प्रयत्न नव्हता. सप्टेंबरमध्ये निघालेली बोट खडकावर आपटून फुटली होती आणि हत्यारं बुडाली होती. हे या कटात सामील असलेल्या डेव्हिड हेडलीने 2016 मध्ये मुंबईच्या न्यायालयासमोर सांगितलं. समुद्राने एकदा त्यांना परत पाठवलं होतं.

त्याच वेळी पश्चिमेला, एडनच्या आखातात, ‘एकावत नावा’वरचा कंबोडियन खलाशी पाण्यावर तरंगतो आहे. त्याचा हा चौथा दिवस.

77 तास उरले

रविवार, 23 नोव्हेंबर, दुपारी तीनच्या आसपास.

इथे थोडं थांबू या. जिवंत पकडल्या गेलेल्या हल्लेखोराच्या, न्यायालयाने ग्राह्य धरलेल्या कबुलीजबाबात हा प्रसंग आहे. ‘अल हुसैनी’ला एक भारतीय बोट दिसते. ‘अल हुसैनी’वरचा एक जण इंजिनाचा तुटलेला पट्टा हातात धरून हलवतो. आमचा पट्टा तुटलाय, मदत करा.

हा पट्टा म्हणजे काय, हे बंदरावर वावरलेल्या कुणालाही विचारा. काळ्या रबराचा, कडा झिजलेला, बोटभर रुंद. इंजिनाच्या पुढच्या चाकावरून तो फिरतो आणि त्याच्या जोरावर बॅटरी भरते, कुठे पाण्याचा पंप चालतो. तुटला तर इंजिन तापतं, बंद करावं लागतं, आणि मग वारा आणि ओहोटी नेईल तिकडे जायचं. म्हणून तांडेल लोक जादा पट्टा खिळ्याला टांगून ठेवतात. समुद्रात कुणी पट्टा दाखवला तर त्याला दुसऱ्या शब्दाची गरज नसते. तो कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायचं नसतं. आज त्याचा तुटला, उद्या आपला तुटेल. आपल्याकडचा कोळी असो की खारवा, अडलेल्या बोटीजवळ जायचं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

‘कुबेर’ जवळ गेली.

त्या पाण्यात भीती नसते असं नाही. सागरी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानी यंत्रणा गुजरातच्या बोटी धरून नेतात, माणसं कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. आपल्या तुरुंगांतही तिकडचे मच्छीमार असेच खितपत पडलेले असतात. हे सगळं ठाऊक असूनही बोट वळवणं, हा त्या पाच जणांनी घेतलेला शेवटचा स्वतःचा निर्णय होता. ही बोट हल्लेखोरांना बंदुकीने मिळाली असं आपण म्हणतो. खरं तर ती त्यांना चांगुलपणाने मिळाली. मला या साऱ्या हकिकतीतलं सगळ्यात क्रूर असं काही वाटत असेल तर ते हे.

क्षणात ताबा घेतला गेला. चार खलाशांना ‘अल हुसैनी’वर नेलं आणि नंतर मारलं. तांडेलाला ठेवलं, कारण वाट त्याला माहीत होती.

कायद्याचा जाणकार इथे हरकत घेईल. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रात खासगी लाभासाठी केलेलं कृत्य. हा तर दहशतवाद, कलम वेगळं. न्यायालयात हा फरक हवाच. पण परक्याच्या बोटीवर उडी मारायची, माणसं बांधायची, बोट आपल्या कामाला जुंपायची, ही रीत एडनच्या आखातातलीच होती.

73 तास

रविवार दुपार ते बुधवार दुपार. 550 समुद्री मैल. भागाकार केला तर ताशी सरासरी साडेसात मैल येते, म्हणजे साध्या ट्रॉलरची नेहमीची चाल. घाई नाही, संशय येईल असं काही नाही. डावीकडे कुठेतरी सौराष्ट्राचा किनारा, मग खंबातच्या आखाताचं तोंड, मग वसई-डहाणूच्या बोटींचं पाणी. नोव्हेंबर म्हणजे हंगाम ऐन भरात. शेकडो बोटी जाळी ओढत असणार, रात्री त्यांचे दिवे क्षितिजावर गावासारखे दिसतात. त्या गावातून ‘कुबेर’ जात होती.

बोटीवर नंतर एक वही सापडली. त्यात पहाऱ्याच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या, कोणी कधी जागायचं आणि कधी झोपायचं. दहा जणांच्या पाळ्या. तांडेलाच्या झोपेची नोंद त्यात कशाला असेल? वाट चुकू नये म्हणून त्यांच्याकडे जीपीएस यंत्रही होतं. हातात यंत्र असूनही त्यांना माणूस लागला. लाटांचा अंदाज, इंजिनाचा आवाज, समोरून बोट आली तर सुकाणू कसं धरायचं आणि हात कसा हलवायचा, हे त्या यंत्रात नसतं.

तो या तीन रात्री काय विचार करत असेल, ते लिहायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगता येतं की आपल्या चार माणसांना दुसऱ्या बोटीवर नेलं, हे त्याला माहीत होतं.

48 ते 24 तास उरले

सोमवार-मंगळवार. एडनकडे तो कंबोडियन खलाशी सहा दिवस पाण्यात काढून जिवंत सापडला आणि येमेनमधल्या रुग्णालयात पोहोचला. त्याच्याकडून ‘एकावत नावा’वर काय झालं ते मालकाला कळलं. मंगळवारी, 25 तारखेला, बातमी आली की बुडालेली बोट चाच्यांची नव्हती, पळवलेली होती. एक मृतदेह हाती लागला, एक वाचला. बाकी 14 बेपत्ता.

म्हणजे मुंबईवर हल्ला व्हायच्या आदल्याच दिवशी जगभर ही बातमी होती की साधा दिसणारा ट्रॉलर पळवलेला असू शकतो. त्या क्षणी ‘कुबेर’ मुंबईच्या वाटेवर होती.

साडेचार तास उरले

बुधवार, 26 नोव्हेंबर, दुपारी चार. मुंबईपासून चार समुद्री मैल. इथून शहर दिसतं, कुलाब्याचे उंच मनोरे, नरिमन पॉइंटच्या इमारतींची रांग. ‘कुबेर’ अंधाराची वाट बघत थांबते.

मुंबईच्या दक्षिणेला रायगडचा किनारा. तिथल्या दिघी आणि शेखाडीला 1993 च्या सुरुवातीला स्फोटकं आणि हत्यारं उतरली होती. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि पोलिस यांची संयुक्त गस्त सुरू झाली, 2005 मध्ये सागरी पोलिस ठाण्यांची योजना आली. कागदावर बरंच होतं. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचनाही येत होत्या. पण चार मैलांवर उभ्या असलेल्या मासेमारी बोटीजवळ जाऊन, बाबांनो तुम्ही कुठले, असं विचारणारं कुणी त्या दुपारी नव्हतं.

अडीच तास उरले

सूर्य मावळला. काळोख झाल्यावर सॅटेलाइट फोनवरून पलीकडे संपर्क झाला आणि तांडेलाला संपवायचा हुकूम आला. इंजिनाच्या खोलीत त्याचा गळा चिरला गेला.

तिकडे कटकला दिवस-रात्रीचा सामना सुरू होता, भारत विरुद्ध इंग्लंड. कफ परेडच्या मच्छीमार नगरात, तसंच साऱ्या शहरात, टीव्ही लागलेले होते.

एक तास उरला

ठरल्याप्रमाणे ‘कुबेर’ बुडवायची होती. खालचा वॉल्व्ह उघडला की पाणी आत येतं आणि बोट पुरावा घेऊन तळाला जाते. पण कबुलीजबाबानुसार तेवढ्यात दुसरी एक बोट येताना दिसली. नौदलाची असेल या धास्तीने ते घाईघाईने रबरी होडीत उतरले. सॅटेलाइट फोन ‘कुबेर’वरच राहिला. बोट बुडाली नाही.

ती येणारी बोट कोणाची होती? बहुधा अशीच कुणाची तरी, जाळं ओढून परत येणारी. तिच्यामुळे एवढं झालं की तांडेलाचा देह समुद्राने गिळला नाही.

रात्री साडेआठ

बधवार पार्कच्या मागे, मच्छीमार नगरची काठाला लावलेली होडकी, वाळत घातलेली जाळी, मासळीचा वास. रबरी होडी टेकते. आठ जण पाठीवर जड पिशव्या घेऊन उतरतात, दोघे होडीतून तसेच नरिमन पॉइंटकडे जातात.

कामावर निघालेल्या तिथल्या एका रहिवाशाने त्यांना हटकलं. कोण तुम्ही? उत्तर मिळालं, विद्यार्थी आहोत. कराचीपासून इथवरच्या वाटेत त्यांना कोण-कुठले विचारणारा माझ्या वाचनात आलेला पहिला माणूस हा. त्याच्याजवळ ना वर्दी होती ना गस्तीची नौका. अनोळखी होडी आपल्या धक्क्याला लागली म्हणून, घरासमोर परका दिसला तर विचारावं तसं, त्याने विचारलं.

त्यानंतरच्या साठ तासांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

त्यानंतर

27 तारखेला ‘कुबेर’ मुंबईजवळच वाहत असताना सापडली. आत तांडेलाचा मृतदेह, फोन, जीपीएस, वही, पांघरुणं, पाकिस्तानी छाप असलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू. खटल्यात या सगळ्याचा फार उपयोग झाला. पुढच्या वर्षी किनाऱ्याच्या सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे आली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळू लागली, 20 मीटरहून लांब बोटींना एआयएस आलं.

चार खलाशांचे देह मात्र कधीच सापडले नाहीत. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून भरपाई नाही. खटल्याच्या निकालपत्रात त्यांचा खून झाल्याचं लिहिलं आहे, तरी त्यांच्या बायका-मुलांना वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या आणि न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तोवर सरकारी कागदावर त्या चौघांसमोर एकच शब्द होता, जो एडनच्या आखातातल्या चौदा जणांसमोर होता. बेपत्ता.